वाचनालय कोणाचे?



आमचे हे भित्तिपत्रक उभ्यानेच वाचावे लागते, म्हणून या लेखाचे लहान लहान भाग पाडले आहेत. एकदम सगळे वाचवले नाही तरी चालेल. आज दोन भाग वाचा, बाकीचे उद्या मधल्या सुट्टीत वाचा. लेख मात्र कुठेही जाणार नाही, भिंतीवरच राहील!

विषय आहे सार्वजनिक वाचनालय. जठारपेठ म्हणजे अकोला शहरातील गजबजलेली वस्ती. आपल्यापैकी कोणी तिथेच राहते, कोणाचे बाबा तिकडे कामाला जातात, तर कोणी बाजारहाटासाठी माय-बाबांसोबत जाऊन येते. रस्त्याने जाताना कुठे ना कुठे 'सार्वजनिक वाचनालय' अशी पाटी दिसते. आपण पाटी वाचतो आणि पुढे जातो. "ते शिकलेल्या लोकायचं काम आहे, आपलं काय तिथं?" असे कोणी म्हणालेलेही आपण ऐकतो. म्हणून प्रश्न पडला, की हे वाचनालय नेमके कोणाचे? त्याचे उत्तर शोधताना जी माहिती मिळाली ती येथे देत आहोत.

वाचनालय आणि ग्रंथालय

बोलताना आपण दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतो. तरी थोडा फरक आहे. जिथे बसून वर्तमानपत्रे, मासिके व पुस्तके वाचायची ते वाचनालय. जिथे ग्रंथांचा संग्रह करून ते नीट लावून ठेवतात आणि वाचकाला घरी नेण्यास देतात ते ग्रंथालय. बहुतेक ठिकाणी ही दोन्ही कामे एकाच छपराखाली चालतात. पुढच्या खोलीत लांब टेबलावर वर्तमानपत्रे असतात. मागच्या खोलीत कपाटे असतात. मध्ये टेबलामागे ग्रंथपाल बसतात. पुस्तके देणे-घेणे जिथे चालते त्या जागेला देवघेव विभाग म्हणतात.

शाळेचे ग्रंथालय शाळेतील मुलांसाठी असते. सार्वजनिक ग्रंथालय मात्र सर्वांसाठी असते. तिथे दुकानदार येतो, निवृत्त मास्तर येतात, नोकरीच्या परीक्षेचा अभ्यास करणारे ताई-दादा येतात, घरकाम आटोपून काकू येतात, आणि मुलेही येऊ शकतात. 'सार्वजनिक' या शब्दाचा अर्थच सर्व जनांचे असा आहे.

वऱ्हाडात वाचनाची गोडी जुनीच

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांची सुरुवात फार पूर्वी झाली. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे आहे. आपणही या बाबतीत मागे नव्हतो. अकोल्याचे बाबूजी देशमुख वाचनालय एकोणिसाव्या शतकापासूनचे आहे. विचार करा, त्या काळी वीज नव्हती. कंदिलाच्या उजेडात लोक वाचत असत. एक जण मोठ्याने वर्तमानपत्र वाची आणि दहा जण भोवती बसून ऐकत. ऐकणाऱ्यांतील पुष्कळांना अक्षरओळख नव्हती, पण जगात काय चालले आहे ते त्यांना कळत असे.

सन १९१२ मध्ये अकोल्याला मराठी साहित्य संमेलन भरले होते. प्रसिद्ध कादंबरीकार हरि नारायण आपटे हे त्याचे अध्यक्ष होते. त्यानंतर १९८१ साली पुन्हा अकोल्यातच अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. तेव्हा गो. नी. दांडेकर अध्यक्ष होते. त्यांचा जन्म अमरावती जिल्ह्यातील परतवाड्याचा, म्हणजे ते आपल्याच मुलखातले! विदर्भ साहित्य संघाची स्थापनाही १९२३ साली मकरसंक्रांतीच्या दिवशी अमरावतीला झाली. उद्धव शेळके यांनी 'धग' ही कादंबरी लिहिली आणि त्यात आपली वऱ्हाडी बोली आणली. आपण घरात बोलतो ती भाषा छापील पुस्तकात भेटली की फार आनंद होतो. ज्यांना हा आनंद घ्यायचा आहे त्यांनी मोठेपणी ते पुस्तक वाचनालयातून जरूर आणावे.

पेटीतून गावोगाव गेलेली पुस्तके

शहरात वाचनालय असते हे खरे, पण खेड्यातल्या माणसाने काय करावे? हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी एका राजाला पडला. ते होते बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड. त्यांचा जन्म नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी एका शेतकरी घरात झाला. दत्तक जाऊन ते बडोद्याचे राजे झाले. १९०६ साली त्यांनी आपल्या साऱ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले.

पण महाराजांच्या एक गोष्ट ध्यानात आली. मूल शाळेत वाचायला शिकते आणि शाळा सुटली की वाचण्याजोगे काही हाती न आल्याने शिकलेले विसरते. विहीर खोदली, पण दोर-बादली दिली नाही, तर पाणी वर कसे येणार? म्हणून १९१० साली त्यांनी विल्यम बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून घेतले आणि राज्यभर ग्रंथालये उभारण्याचे काम सुरू केले. जिथे ग्रंथालय नव्हते तिथे लाकडी पेट्यांत पुस्तके भरून पाठवली जात. एका गावात पुस्तके वाचून झाली की पेटी पुढे जाई. यालाच फिरते ग्रंथालय म्हणतात.

याच सयाजीरावांनी १९१३ साली एका हुशार तरुणाला शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेला शिकण्यास पाठवले. तो तरुण म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. बाबासाहेबांना पुस्तकांचे इतके वेड, की मुंबईत दादरला त्यांनी 'राजगृह' हे घर बांधले ते आपल्या ग्रंथसंग्रहाचा विचार करून.

पेटीची ही युक्ती आजही चालू आहे. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाने 'ग्रंथ तुमच्या दारी' ही योजना २००९ साली सुरू केली. काही वाचकांचा गट एक पेटी घेतो, वाचून झाली की दुसऱ्या गटाशी बदलून घेतो. आणि साताऱ्याकडे पाचगणीजवळ भिलार नावाचे स्ट्रॉबेरीचे गाव आहे. तिथे २०१७ पासून घराघरांत पुस्तके ठेवली आहेत. म्हणून त्याला 'पुस्तकांचे गाव' म्हणतात.

कायदा काय सांगतो?

वाचनालय म्हणजे कोणा श्रीमंताने केलेला दानधर्म असे काहींना वाटते. पूर्वी पुष्कळ वाचनालये दानशूर माणसांच्या मदतीने निघाली हे खरेच आहे. पण आता त्यासाठी कायदा आहे. त्याचे नाव महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७. या कायद्यामुळे ग्रंथालय संचालनालय स्थापन झाले आणि गावोगावच्या ग्रंथालयांना सरकारी अनुदान मिळू लागले. अनुदानाचे नियम १९७० साली झाले. कोल्हापूर संस्थानाने तर त्याआधीच, १९४५ साली, असा कायदा केला होता.

मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांचे अ, ब, क आणि ड असे वर्ग असतात. आपल्या शाळेत जसे गुण पाहून श्रेणी देतात तसेच थोडेफार आहे. पुस्तके किती, सभासद किती, वर्तमानपत्रे व मासिके किती येतात, ग्रंथालय रोज किती वेळ उघडे असते, हे पाहून वर्ग ठरतो. वर्ग जितका वरचा तितके अनुदान जास्त. जिल्हा ग्रंथालय अधिकारी येऊन तपासणी करतात. महाराष्ट्रात अशी अकरा हजारांहून जास्त ग्रंथालये आहेत. त्यातली कितीतरी खेड्यांत आहेत.

अनुदानाचा पैसा येतो कोठून? तो सरकारी तिजोरीतून येतो, आणि तिजोरीत पैसा येतो करातून. बाबा दुकानातून साबण, बिस्किटे, चप्पल विकत घेतात तेव्हा त्यातूनही थोडा कर सरकारकडे जातो. म्हणजे ज्याने वाचनालयाची पायरी कधी चढली नाही त्याचाही पैसा त्यात आहे. तेव्हा 'आपलं काय तिथं?' या प्रश्नाचे उत्तर मिळाले ना? आपलेही तिथे काही आहे.

पुस्तक दारातून आत आल्यावर

नवे पुस्तक आले की ते लगेच कपाटात जात नाही. आधी त्याची नोंद दाखल नोंदवहीत होते. शाळेत नाव घालताना आपले नाव जसे दाखलखारीज रजिस्टरात लिहितात, अगदी तसेच. पुस्तकाला दाखल क्रमांक मिळतो. तो क्रमांक दुसऱ्या कोणत्याही पुस्तकाला कधी देत नाहीत. मग शिक्का मारतात. पुस्तकाच्या आत तारखेची चिठ्ठी चिकटवतात. शेवटी पुस्तकाच्या पाठीवर छोटी चिठ्ठी लावून त्यावर विषयाचा क्रमांक लिहितात. तेव्हा कुठे पुस्तक कपाटात बसते.

पूर्वी प्रत्येक पुस्तकाची माहिती जाड कागदाच्या कार्डावर लिहून ती कार्डे लहान लहान खणांत लावत. त्याला सूची म्हणतात. आता बऱ्याच ठिकाणी हे काम संगणकावर होते. लेखकाचे नाव टाकले की पुस्तक आहे की नाही, कोणाकडे गेले आहे, ते लगेच कळते.

कपाट लावण्याचेही शास्त्र आहे. आपल्याकडे उन्हाळा कडक, पावसाळ्यात भिंतींना ओल, आणि वाळवी तर सदाची वैरीण. म्हणून कपाट भिंतीला चिकटून ठेवत नाहीत, थोडी जागा सोडतात. डांबरगोळ्या किंवा कडुनिंबाचा वाळला पाला ठेवतात. पुस्तके फार घट्ट कोंबत नाहीत, कारण ओढून काढताना पाठ फाटते. आणि पुस्तकाचा सर्वांत मोठा मित्र कोण, माहीत आहे? वाचणारा हात! जे पुस्तक वारंवार उघडले जाते त्याला वाळवी सहसा लागत नाही. लागली तरी ती लगेच दिसून येते.

पऱ्हाटीचा नंबर किती?

हजारो पुस्तकांतून हवे ते पुस्तक कसे सापडते? अमेरिकेतील मेल्विल ड्यूई या ग्रंथपालाने १८७६ साली एक पद्धत प्रसिद्ध केली. त्यांनी सर्व ज्ञानाचे दहा भाग केले आणि प्रत्येकाला शंभर-शंभर आकडे दिले. ५०० पासून विज्ञान, ६०० पासून शेती, वैद्यक, यंत्रे अशी उपयोगाची शास्त्रे, ८०० पासून साहित्य, ९०० पासून इतिहास-भूगोल. प्रत्येक भागाचे पुन्हा दहा, त्याचे पुन्हा दहा. दशांश अपूर्णांक शिकताना कंटाळा येतो ना? पण इथे तोच कामाला येतो.

आपल्या ओळखीचे उदाहरण घेऊ. ६३० म्हणजे शेती. ६३३ म्हणजे शेतातील पिके. आणि ६३३.५१ म्हणजे कापूस! वावरातल्या पऱ्हाटीची माहिती हवी असेल तर या नंबरापाशी जावे. पण कापसापासून सूत आणि कापड कसे होते ते पाहायचे असेल तर ६७७ या नंबरापाशी जावे लागेल, कारण तो कापडधंद्याचा नंबर आहे. कापूस वावरात असला की एका कपाटात, गिरणीत गेला की दुसऱ्या कपाटात. गंमत आहे की नाही?

मराठी साहित्याचा नंबर आहे ८९१.४६. पाहा, इंग्रजी साहित्याला ८२० असा सुटसुटीत आकडा, आणि आपल्या मराठीला एवढा लांबलचक! कारण ही पद्धत अमेरिकेत तयार झाली. आपल्या भाषांना त्यात मोठी जागा मिळाली नाही. हा दोष एका भारतीय माणसाच्या ध्यानात आला. त्यांची गोष्ट पुढे वाचा.

गणिताचे मास्तर झाले ग्रंथपाल

शियाळी रामामृत रंगनाथन यांचा जन्म १८९२ साली तामिळनाडूत झाला. ते कॉलेजात गणित शिकवीत. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. ग्रंथालयाचे शास्त्र शिकण्यासाठी त्यांना लंडनला पाठवण्यात आले. तिथे एका मोठ्या दुकानात त्यांनी एक खेळणे पाहिले. पट्ट्या, चाके आणि स्क्रू जोडून त्यातून कधी गाडी तर कधी पाळणा बनवता येई. त्यांच्या डोक्यात विचार आला, की पुस्तकाचा विषयही असाच सुटे भाग जोडून दाखवता आला तर? त्यातून त्यांनी नवी पद्धत तयार केली. तिच्यात दोन भागांमध्ये दोन टिंबांचे चिन्ह घालतात. ही पद्धत १९३३ साली प्रसिद्ध झाली.

त्याआधी, १९३१ साली, त्यांनी ग्रंथालयाचे पाच नियम सांगितले. ते आम्ही आमच्या शब्दांत देतो.

पहिला नियम असा, की पुस्तके वापरायची असतात, कुलूप लावून ठेवायची नसतात. पूर्वी युरोपात काही ग्रंथालयांत पुस्तके साखळीने बांधून ठेवत! दुसरा, प्रत्येक वाचकाला त्याच्या जोगे पुस्तक मिळाले पाहिजे. तो पाच वर्षांचा असो की पंच्याहत्तर वर्षांचा. तिसरा, प्रत्येक पुस्तकाला कोणी तरी वाचक भेटला पाहिजे. चौथा, वाचकाचा वेळ फुकट जाऊ नये. आणि पाचवा, ग्रंथालय हे वाढत्या लेकरासारखे आहे, त्याला वाढायला जागा ठेवली पाहिजे.

हे पाच नियम जगभरच्या ग्रंथपालांनी मान्य केले आहेत. रंगनाथन यांची जयंती १२ ऑगस्टला असते. तो दिवस आपल्या देशात ग्रंथपाल दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी ग्रंथपालांना एक फूल दिले तर किती छान!

वर्षभर काय काय चालते?

वाचनालयात फक्त पुस्तकेच देतात असे नाही. तिथे वर्षभर कार्यक्रम असतात. सगळीकडे सगळेच होतात असे नव्हे, पण चांगल्या वाचनालयात साधारण पुढीलप्रमाणे चालते.

२७ फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, म्हणून मराठी भाषा गौरव दिन. त्या दिवशी कवितावाचन, हस्ताक्षर स्पर्धा व ग्रंथांचे प्रदर्शन भरवतात. २३ एप्रिल हा जागतिक पुस्तक दिन. त्या सुमारास परीक्षा संपत आलेल्या असतात, म्हणून सुट्टीत मुलांसाठी गोष्टींचे वर्ग घेतात. १५ ऑक्टोबर हा डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस. तो २०१५ पासून महाराष्ट्रात वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्यामुळे ऑक्टोबर महिन्याला आणखी मान आला आहे. १४ ते २० नोव्हेंबर हा राष्ट्रीय ग्रंथालय सप्ताह असतो.

दिवाळीत तर वाचनालयात मोठी गर्दी होते. दिवाळी अंक! 'मनोरंजन' मासिकाने १९०९ साली पहिला मोठा दिवाळी अंक काढला आणि तेव्हापासून फराळासोबत अंक वाचण्याची चाल पडली. सगळे अंक विकत घेणे कोणाला परवडेल? पण वाचनालयात थोडी जादा वर्गणी भरली की बरेच अंक वाचायला मिळतात.

याशिवाय व्याख्यानमाला असतात. काही ठिकाणी अभ्यासिका असते. ज्यांच्या घरी एकच खोली आहे आणि त्यातच टीव्ही चालू आहे, अशा दादा-ताईंना तिथे शांतपणे अभ्यास करता येतो. पंखा, दिवा आणि शांतता या तीन गोष्टी आपल्याला साध्या वाटतात, पण परीक्षेच्या दिवसांत त्यांचे मोल फार असते.

मुलांसाठी बालविभाग असतो. तिथे गोष्टी, चरित्रे, विज्ञानाची पुस्तके, कोडी असतात. 'किशोर' मासिकही पाहायला मिळते. ते बालभारती काढते आणि ते १९७१ सालापासून निघत आहे. म्हणजे आपल्या आई-बाबांनीही लहानपणी ते वाचले असेल. आज घरी गेल्यावर विचारा बरे!

डब्यावरचा त्रिकोण

"पुस्तकं वाचून का पोट भरते?" असे कोणी विचारले तर हा भाग त्यांना दाखवा.

२०१७ साली विदर्भात गुलाबी बोंडअळीने कपाशीचे फार नुकसान केले. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना कित्येक शेतकऱ्यांना आणि मजुरांना विषबाधा झाली. काहींचे प्राणही गेले. ही आपल्या विदर्भातीलच गोष्ट आहे.

कीटकनाशकाच्या डब्यावर एक चौकोन असतो आणि त्याचा खालचा त्रिकोण रंगीत असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी. पिवळा म्हणजे जास्त विषारी. निळा म्हणजे मध्यम विषारी. हिरवा म्हणजे त्या मानाने कमी विषारी, पण तरीही विषारीच! हिरवा आहे म्हणून हात न धुता भाकरी खायची नाही. वाऱ्याच्या उलट दिशेने फवारायचे नाही. तोंडाला फडके, हातात मोजे, अंगभर कपडे पाहिजेत. रिकाम्या डब्यात पाणी किंवा तेल भरून ठेवायचे नाही. आणि फवारणी करताना चक्कर, मळमळ किंवा अंधारी आली तर काम तिथेच थांबवून दवाखाना गाठायचा, आणि डबा डॉक्टरांना दाखवायला सोबत न्यायचा. कोणते विष आहे हे कळले तर उपचार लवकर होतो.

ही माहिती डब्यावर बारीक अक्षरांत आणि पुस्तकांत, मासिकांत मोठ्या अक्षरांत छापलेली असते. अकोल्यात डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. ते १९६९ साली स्थापन झाले. तिथले शास्त्रज्ञ शेतकऱ्यांसाठी मराठीत लिहितात. पण लिहिलेले वाचणाऱ्यापर्यंत पोचायला मधे एक जागा लागते. ती जागा म्हणजे वाचनालय. ज्या घरात मोठ्यांना वाचता येत नाही, त्या घरात पाचवीतल्या मुलीने डब्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवला, तर त्या वाचनाची किंमत किती होईल?

संत गाडगेबाबांना शाळेत जाण्याची संधी मिळाली नाही. पण आपल्या अमरावती जिल्ह्यात शेंडगावला जन्मलेल्या या संताने हातात खराटा घेऊन गावेही झाडली आणि लोकांच्या मनातले अज्ञानही झाडले. लेकरांना शिकवा, हे ते प्रत्येक कीर्तनात सांगत. ज्याला स्वतःला शाळा मिळाली नाही त्यालाच तिची किंमत जास्त कळते. आमच्या कितीतरी माय-बापांचे असेच आहे.

वाचनालय बंद कसे पडते?

आता थोडी काळजीची गोष्ट. वाचनालय एका दिवसात बंद पडत नाही. आधी मुले येईनाशी होतात. मग मोठे म्हणतात, बातम्या मोबाइलवर दिसतातच. वर्गणी कमी जमते. नवी पुस्तके कमी येतात. नवे काही नाही म्हणून राहिलेले वाचकही येत नाहीत. सभासद घटले की वर्ग खाली जाण्याची भीती, आणि वर्ग खाली गेला की अनुदान कमी. ग्रंथपालांचे मानधन आधीच तुटपुंजे असते, ते आणखी रखडते. एक दिवस दाराला कुलूप लागते, आणि आत वाळवी वाचायला बसते.

२०१२ साली सरकारने राज्यातील अनुदान घेणाऱ्या ग्रंथालयांची पडताळणी केली, तेव्हा काही ग्रंथालये बंद असल्याचे आढळले. म्हणजे पाटी असली म्हणजे वाचनालय असतेच असे नाही. पाटीखालच्या दारातून रोज कोणी तरी आत गेले पाहिजे.

मग मोबाइल वाईट आहे का? तसे मुळीच नाही. 'किशोर'चे जुने अंक आणि मराठी विश्वकोश आता मोबाइलवर फुकट वाचता येतात. ही फार मोठी सोय झाली आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईला बसून ज्या विश्वकोशाचे काम उभारले, तो आता खिशात मावतो. पण घरात मोबाइल एकच असतो, तो बाबांबरोबर कामावर जातो, आणि रात्री घरी आला तरी त्याचा डाटा संपलेला असतो. पुस्तकाला डाटा लागत नाही. ते चार्ज करावे लागत नाही. आणि वाचनालयात कोणते पुस्तक चांगले हे सांगणारे माणूस समोर बसलेले असते. तेव्हा दोन्हीही वापरावे, एकासाठी दुसरे सोडू नये.

सभासद कसे व्हावे?

हे अगदी सोपे आहे. वाचनालयात जाऊन प्रवेशअर्ज मागावा. त्यावर नाव, पत्ता, वय लिहावे. लहान मुलांच्या अर्जावर पालकांची सही लागते. ज्यांना सही येत नाही त्यांचा अंगठाही चालतो का, हे ग्रंथपालांना न लाजता विचारावे. थोडी अनामत रक्कम भरावी लागते. सभासदत्व सोडताना ती परत मिळते. दरमहा किंवा वर्षाची वर्गणी वेगळी असते. मुलांची वर्गणी बहुधा कमी असते. आणि बसून वर्तमानपत्र वाचायला वर्गणी लागत नाही, ही गोष्ट पुष्कळांना माहीतच नसते.

पुस्तक ठरलेल्या तारखेला परत करावे. उशीर झाला तर थोडा दंड पडतो. दंड म्हणजे शिक्षा नव्हे. आपल्याकडे पडून राहिलेल्या पुस्तकाची दुसरे कोणी तरी वाट पाहत असते, त्याची ती आठवण आहे. पानाचा कोपरा दुमडू नये, खूण म्हणून मोराचे पीस किंवा पिंपळपान ठेवावे. बोटाला थुंकी लावून पान उलटू नये. उत्तरे पेन्सिलीनेसुद्धा लिहू नयेत, नाही तर पुढच्या वाचकाची मजा जाते. आणि पाऊस असेल तर पुस्तक आधी पिशवीत घालावे, मग आपण छत्रीत जावे!

पालकांना एक विनंती. मुलगा वाचनालयात जातो म्हटले तर हो म्हणता, तसेच मुलगी जाते म्हटले तरी हो म्हणा. तिला एकटीला दूर पाठवायची काळजी वाटत असेल तर दोघी-तिघी मैत्रिणींना मिळून पाठवा, किंवा बाजाराच्या दिवशी सोबत न्या. भाजीच्या पिशवीत एक पुस्तक सहज मावते.

करून पाहा

१. घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला विचारा, की त्यांनी वाचलेले किंवा ऐकलेले पहिले पुस्तक कोणते. उत्तर वहीत लिहून आणा. पुढच्या अंकात छापू.

२. जवळच्या वाचनालयात जाऊन कोणत्याही तीन पुस्तकांच्या पाठीवरचे नंबर उतरवून आणा. ती कोणत्या विषयाची असतील ते वर्गात ओळखू.

३. वर्गातील प्रत्येकाने घरून एक पुस्तक आणावे. रिकामी खोकी धुऊन, कोरडी करून आपण वर्गाची फिरती पेटी करू. पाचवीची पेटी महिन्याने चौथीला, चौथीची तिसरीला.

४. घरात, किंवा शेजारी, फवारणीचे काम असेल तर डब्याला हात न लावता त्रिकोणाचा रंग पाहा आणि मजकूर मोठ्यांना वाचून दाखवा.

शेवटी सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. वाचनालय कोणाचे? कायद्याने ते सर्वांचे आहे. पैशाने पाहिले तर त्यात सर्वांचा थोडा थोडा वाटा आहे. पण खऱ्या अर्थाने ते त्याचेच, जो पायरी चढून आत जातो आणि पुस्तक उघडतो. वावर नावावर असून भागत नाही, त्यात राबावे लागते, तेव्हा कुठे पीक येते. वाचनालयाचेही तसेच आहे.

तर मंडळी, पाटी वाचून पुढे जाऊ नका. आत या!

— इयत्ता पाचवीचे विद्यार्थी (गुरुजींच्या मार्गदर्शनाखाली)